राहता इथे, पत्ता कुठला?

कुठलाही सरकारी फॉर्म घ्या. त्यात पत्त्याच्या दोन चौकटी असतात : ‘कायमचा पत्ता’ आणि ‘सध्याचा पत्ता’. पहिली चौकट तुम्ही झोपेतही भराल. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक, जिल्हा अमका. पेन अडतं ते दुसऱ्या चौकटीपाशी. पत्ता माहीत असतो, पण पुरावा नसतो. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावरची खोली, तिच्यात चार कॉट, त्यातली खिडकीजवळची तुमची. भाडं दर महिन्याला वेळेवर जातं. खालच्या चहावाल्याला तुमचं नाव ठाऊक आहे. तुमचा गुरुवारचा उपास मेसच्या मावशींच्या लक्षात असतो. तुम्ही इथे राहता हे माहीत नसतं ते फक्त कागदांना.

पुण्याचं नाव उदाहरणादाखल घेतलं. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, लातूर, कोल्हापूर, नाशिक, जिथे जिथे कॉलेजं आणि क्लासेस आहेत तिथे तिथे अशा खोल्या आहेत आणि त्या खोल्यांमध्ये कागदावर न दिसणारी मुलं-मुली आहेत. स्थानिक पत्त्याचं ओळखपत्र हवं असलं की या मुलांची जी पायपीट सुरू होते, ती आपण सगळ्यांनी ‘चालायचंच’ म्हणून सोडून दिली आहे. आजचं हे टिपण त्या ‘चालायचंच’बद्दल आहे.

मतदार ओळखपत्राचंच घ्या. पहिल्यांदा नाव नोंदवण्यासाठी नमुना ६ भरावा लागतो. राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून त्यात सात कागद सांगितले आहेत आणि त्यातला कुठलाही एक चालतो. पाणी, वीज किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक, पासपोर्ट, जमिनीच्या मालकीची महसुली नोंद, नोंदणीकृत भाडेकरार, आणि स्वतःचं घर असेल तर नोंदणीकृत खरेदीखत. आता ही यादी घेऊन आपल्या कॉटवर बसा. लाइट बिल मालकांच्या नावावर, बऱ्याचदा मालकांच्या कैलासवासी वडिलांच्या. शिवाय ते जोडणीला वर्ष झालेलं हवं. आधार गावच्या पत्त्यावर. पासबुक गावच्या शाखेचं, कारण खातं शिष्यवृत्तीसाठी आठवीत असताना उघडलेलं. पासपोर्ट काढला असलाच तर तोही गावचा. सातबारा गावचा, तोही आजोबांच्या आणि चार चुलत्यांच्या सामायिक नावावर. खरेदीखताबद्दल बोलायलाच नको. पुण्यात घर घेण्याइतके पैसे असते तर कॉटवर कशाला बसलो असतो?

उरला एकच कागद, नोंदणीकृत भाडेकरार. यादी करणाऱ्याने भाडेकरूचा विचार केला तो या एका ओळीत. आणि नेमका हाच कागद तुमच्या हातात नाही, मालकांच्या हातात आहे.

‘करारबिरार कशाला? तुम्ही दोन वर्षांत अधिकारी होऊन जाल,’ हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. आशीर्वाद आणि नकार एकाच वाक्यात देण्याची ही कला वाखाणण्यासारखी आहे. कधी ‘सोसायटीला चालत नाही’, कधी ‘आपल्यात विश्वास आहे ना?’, कधी ‘अकरा महिन्यांचं असेल तर नोंदणी लागतच नाही’. यातलं शेवटचं वाक्य तर वकिलाच्या थाटात सांगितलं जातं. ते महाराष्ट्रात चुकीचं आहे. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, ही देशातल्या नोंदणी कायद्याची सर्वसाधारण तरतूद. पण आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे आणि त्याचं कलम ५५ सांगतं की, जागा भाड्याने दिली किंवा ‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिली, तर करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. अकरा महिने असोत की पाच, सूट नाही. नोंदणीची जबाबदारी कोणाची? घरमालकाची. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. करार नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कलमात आणखी एक गंमत आहे. लेखी नोंदणीकृत करार नसताना भाड्याच्या अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं.

कलम ५५ची प्रिंट काढून मालकांच्या दारावर चिकटवा, असं आम्ही अजिबात सुचवत नाही. दुसऱ्या दिवशी कॉट रिकामी करायला लागेल, आणि ऐन परीक्षेत नवीन खोली शोधणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. कायदा तुमच्या बाजूने असतो, पण खोलीची चावी मालकांच्या बाजूने असते. म्हणून काकांशी बोलताना त्यांच्या फायद्याचं बोला. त्यांना खरी भीती असते ती मुलं जागा बळकावतील याची. त्यावरचा उपाय त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली आणि जागा सोडली नाही, तर मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ती खाली करून घेऊ शकतो, आणि तोपर्यंतच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. तिथे मालकाला उपयोगी पडतो तो हाच लेखी करार. थोडक्यात, करार न करणारा मालक स्वतःचंच दार उघडं ठेवतो. नोंदणी ऑनलाइन होते, निबंधक कार्यालयात जायलाच हवं असं नाही. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये. तिच्यासह मुद्रांक शुल्क चौघांनी वाटून घेतलं तर डोईवर येणारा खर्च एका रविवारच्या बिर्याणीत बसतो.

आणि हो, करार झालाच तर त्यात चौघांचीही नावं घाला. एकाच्या नावाने करार करून बाकीचे तिघे ‘त्याच्याबरोबर राहतात’ हा प्रकार सर्रास चालतो. मग कागद एकाचा होतो आणि तिघं पुन्हा यादी घेऊन कॉटवर.

इथे कुणीतरी म्हणेल, आधार आहे ना, एवढं काय? आहे. पण आधार कायद्याच्या कलम ९ मध्ये साफ म्हटलंय की, आधार क्रमांक हा स्वतःहून नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. तुम्ही कोण, हे आधार सांगतं. तुम्ही कुठले, हे सांगणं त्याचं काम नाही. फरक बारीक वाटतो, पण मागच्या वर्षी बिहारमध्ये तो लाखो लोकांच्या अंगावर आला. निवडणूक आयोगाने २४ जून २०२५ रोजी तिथल्या मतदार याद्यांच्या विशेष सखोल फेरतपासणीचा आदेश काढला. त्यात अकरा कागदांची यादी होती. आधार त्यात नव्हतं, रेशन कार्ड नव्हतं, खुद्द आयोगानेच दिलेलं मतदार ओळखपत्रही नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ८ सप्टेंबरला आधार हा बारावा कागद म्हणून घ्यायला सांगितलं, तेही ओळखीचा पुरावा म्हणून, नागरिकत्वाचा नव्हे. त्याआधी १ ऑगस्टला आलेल्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावं नव्हती. त्यातल्या सगळ्यात मोठ्या गटासमोर लिहिलेलं कारण होतं : कायमचे स्थलांतरित किंवा आढळले नाहीत.

‘आढळले नाहीत’ हे शब्द नीट वाचा. गावात चौकशी झाली तर शेजारी सांगतात, ‘तो पुण्याला असतो.’ पुण्यात चौकशी झाली तर मालक सांगतात, ‘आमच्याकडे कुणी नाही.’ दोन्ही उत्तरं आपापल्या जागी सोयीची. या दोन उत्तरांच्या फटीत जो पडतो, तो तुमच्या वयाचा असतो. म्हणून हा विषय फक्त एका कार्डाचा नाही.

ज्याच्याकडे एकही कागद नाही, त्याचं काय करायचं, याचं उत्तर निवडणूक आयोगाकडे फार पूर्वीपासून आहे, आणि ते आम्हाला आपल्या निवडणूक व्यवस्थेतलं सगळ्यात शहाणं कलम वाटतं. ज्याला घरच नाही, जो फुटपाथवर किंवा पुलाखाली झोपतो, त्याने अर्जात दिलेल्या ठिकाणी बीएलओने रात्री जायचं. एक रात्र नव्हे, एकाहून जास्त रात्री. माणूस खरंच तिथे झोपतो हे दिसलं की पत्त्याचा कागद मागायचा नाही. म्हणजे राहणं ही डोळ्यांनी बघता येणारी गोष्ट आहे, कागद फक्त तिचा साक्षीदार, हे व्यवस्थेला समजतं. फुटपाथवर झोपणाऱ्यासाठी समजतं, मग पहिल्या मजल्यावरच्या कॉटवर झोपणाऱ्यासाठी का समजू नये?

खरं तर विद्यार्थ्यांसाठीही सोय आहे. होस्टेलमध्ये किंवा मेसमध्ये राहून शिकणाऱ्याला दोन पर्याय दिलेत. गावी आई-वडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवा, किंवा शिकता तिथल्या पत्त्यावर नोंदवा. निवड तुमची. अट एवढीच की अभ्यासक्रम मान्यताप्राप्त हवा आणि किमान एक वर्षाचा हवा. नमुना ६ सोबत प्राचार्य, संचालक, कुलसचिव किंवा अधिष्ठाता यांच्या सहीचं बोनाफाइड जोडायचं. त्याचा मसुदासुद्धा आयोगाने तयार करून ठेवलाय. प्राचार्यांनी फक्त सही करायची.

आणि इथे आमचा राग कॉलेजांवर आहे. ऑफिसच्या खिडकीवर जाऊन बघा. बोनाफाइड मिळतं, पण ते ‘सदर विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात शिकत आहे’ एवढंच म्हणतं. तो कुठे राहतो याचा उल्लेख नाही. होस्टेलचा पत्ता घालून द्या म्हटलं की, ‘तसा फॉरमॅट नाही आपल्याकडे.’ फॉरमॅट आहे, आपल्याकडे नसला तरी आयोगाकडे आहे. होस्टेलची फी घेताना खोली क्रमांकासकट पावती फाडणाऱ्या कॉलेजला तोच क्रमांक बोनाफाइडवर लिहायला काय अडचण आहे? बहुतेक कॉलेजांमध्ये मतदार साक्षरता मंडळ नावाचं एक मंडळ असतं. दर २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी, ते जागं होतं. रांगोळी, घोषवाक्य स्पर्धा, शपथ, फोटो. रांगोळीशी आमचं वाकडं नाही. पण त्याच दिवशी एका टेबलावर बोनाफाइडचा गठ्ठा आणि नमुना ६ ठेवला आणि प्राचार्य दोन तास बसले, तर पूर्ण होस्टेलची नोंदणी दुपारच्या जेवणाआधी उरकेल. घोषवाक्य पुढच्या वर्षी करू.

होस्टेल मिळालं नाही, बाहेर कॉट बेसिसवर राहता, करारही नाही, तर? सात कागदांपैकी काहीच नसेल तर दुसरा एखादा पुरावा, त्याचं नाव लिहून, जोडता येतो. बोनाफाइडवर कॉलेजने सध्याचा राहता पत्ता लिहून दिला तर तोच इथे द्या. मग प्रत्यक्ष येऊन खात्री करणं हे यंत्रणेचं काम आहे. दुसरी वाट आधारची. आधारवरचा पत्ता बदलायला राजपत्रित अधिकारी किंवा आमदार यांच्या सहीचा दाखला चालतो. तो आधार प्राधिकरणाने ठरवलेल्या नमुन्यातच हवा आणि सहीच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो, त्यामुळे आधी दाखला आणि मग सवडीने अपॉइंटमेंट असं करू नका.

पत्ता बदलायचा म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो, ‘जातीचा दाखला, डोमिसाइल, सगळं अडकेल का रे?’ ही भीती इतकी पसरलेली आहे की मुलं तिच्यापायी काहीच बदलत नाहीत. जातीचा दाखला तुमच्या आधारवरच्या पत्त्यावर उभा नसतो. तुमचं कुटुंब ठराविक तारखेला कुठे राहत होतं यावर तो उभा असतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला तुमचे आजोबा जिथे होते तिथेच ते होते. तुम्ही आज पुण्यात पत्ता बदललात म्हणून ते हलत नाहीत. अधिवासाचं म्हणाल तर तो महाराष्ट्रातल्या वास्तव्यावर ठरतो, आणि आधार अधिवासाचा पुरावा नाही हे वर आलंच आहे.

बदलण्याआधी विचार करायचाच असेल तर एका वेगळ्या गोष्टीचा करा. मतदार यादीत तुमचं नाव एकाच ठिकाणी असू शकतं, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात. म्हणजे इथे नाव आणलंत तर महापालिकेचं मत मिळेल, ग्रामपंचायतीचं जाईल. गावात सरपंचपदाची निवडणूक दहा-वीस मतांवर फिरते हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. गावच्या पाण्याच्या टाकीत तुमचा जीव असेल, दिवाळीला आणि निवडणुकीला एसटीने घरी जात असाल, तर नाव तिथेच राहू द्या, त्यात कमीपणा नाही. पण ज्याची पुढची तीन-चार वर्षं इथेच जाणार आहेत, जो रोज इथल्या बससाठी अर्धा तास थांबतो, रात्री अभ्यासिकेतून परतताना इथल्या बंद पथदिव्यांखालून चालतो, त्याने मत इथे आणावं असं आमचं स्पष्ट मत आहे. पेठांमध्ये राहणारी इतकी मुलं कुणाच्याच यादीत नसतात, म्हणून कुठलाही उमेदवार त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या चढत नाही.

आधीच कार्ड असेल तर नव्याने नमुना ६ भरू नका. पत्ता बदलायला नमुना ८ आहे. नमुना ६ पहिल्या नोंदणीसाठी. दोन ठिकाणी नाव ठेवण्याची हुशारी करू नका. अर्जात खोटं लिहिलं तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अठरा पूर्ण व्हायची वाट बघत बसायचीही गरज नाही. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो.

आता थोडं बाहेरच्या टेबलांबद्दल. सेतूच्या दारात, तहसीलच्या आवारात, झेरॉक्सच्या दुकानात एक गृहस्थ नेहमी असतात, आणि ते नेहमी म्हणतात, ‘बॉण्ड लागेल.’ पूर्वी शंभरचा म्हणायचे, आता पाचशेचा म्हणतात. जात, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्राने २००४ सालीच माफ केलंय. साधा कागद चालतो. २०१५ मध्ये तर पुष्कळ ठिकाणी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकनाऐवजी स्वतःची सही पुरेशी, असा निर्णय झाला. मतदार नोंदणी पूर्ण फुकट आहे. त्याच गृहस्थांकडे ‘तयार’ भाडेकरारही मिळतो, न पाहिलेल्या घराचा, न भेटलेल्या मालकाचा. तो घेऊ नका. तुमच्याकडे खरा पत्ता आहे, खोटा विकत कशाला घ्यायचा? आणि झेरॉक्स देताना आधारच्या प्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून आडवी सही करा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर पीडीएफ उघडली असेल तर ती पुसूनच उठा.

डोमिसाइलसाठी ‘आपले सरकार’वरून अर्ज केला की पावती क्रमांक येतो. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली या सेवेला पंधरा दिवसांची मुदत आहे. मुदत उलटली तर खिडकीवर हात जोडायचे नाहीत, पहिलं अपील करायचं. तेही ऑनलाइन होतं. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. आपण अपील करत नाही, ओळख शोधतो.

मतदार नोंदणीचा अर्ज ऑनलाइन भरला की तिथेही संदर्भ क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, त्यावरून अर्ज कुठवर गेला ते दिसतं. मग कधीतरी दुपारी बीएलओ येतात. बहुतेक वेळा त्या शाळेतल्या शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात, स्वतःचं काम सांभाळून उन्हात चार मजले चढून आलेल्या. त्या वेळी तुम्ही लेक्चरला किंवा अभ्यासिकेत असता. त्या खालीच मालकांना विचारतात. म्हणून दारावर चौघांची नावं लिहिलेला कागद लावा, अर्जात चालू असलेलाच मोबाइल नंबर द्या आणि काकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ‘कुणी विचारायला आलं तर आम्ही इथे राहतो म्हणून सांगा.’